चिमण्याचे कान

४ मार्च

धाकट्या,

पत्ता तुझ्या बायकोने दिला. तिच्यावर चिडू नकोस, दिवस गेलेल्या बाईवर चिडतात का? दोन वर्षं तू तोंडाला कुलूप लावून बसलास, मीही बसले. आज मी उघडतेय, कारण तुझ्या चिमण्याने काल बाबांना आडवं केलं.

जिवंत आहेत. उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलंय, हात झोळीत आहे, शिव्या नेहमीच्याच आहेत, म्हणजे तब्येत ठीक आहे असं समज.

झालं असं. तू गेल्यावर बाबांनी चिमण्याला लांबच्या कुरणात इतर शिंगरांबरोबर सोडून दिला होता. तुझं तोंड नको, तसं तुझ्या घोड्याचंही नको. आता तो तीन वर्षांचा झालाय. पाठीवर खोगीर घ्यायला शिकवायचं म्हणून परवा पागेत आणला. बघशील तर ओळखणार नाहीस. तू बाटलीने दूध पाजायचास तेव्हा तुझ्या कमरेला लागायचा, आता मला त्याच्या पाठीपलीकडचं काही दिसत नाही. कुठला चिमण्या नि काय! नाव तेवढं उरलंय.

काल सकाळी बाबा त्याला लांब दोरीवर फिरवायला गोल रिंगणात उतरले. धूळ उडाली आणि त्यांना तो खोकला आला, छाती बडवत बडवत खोकतात तोच. खोकता खोकता बडवत होते, तेवढ्यात हा पठ्ठ्या मागच्या पायांवर उभा राहिला आणि पुढचे दोन्ही पाय त्यांच्या खांद्यांवर टाकले. मी कुंपणाशी होते. हाड मोडल्याचा आवाज मला तिथे ऐकू आला. बाबा खाली, हा वर. बुटक्याने फावडं तोंडावर मारलं तेव्हा कुठे बाजूला झाला. बुटक्या म्हणजे नवा मोतद्दार, तुझ्या जागी घोड्यांची देखभाल करायला ठेवलाय, जेमतेम माझ्या कानाला लागतो.

बाबा धुळीत पडल्या पडल्या काय म्हणाले, सांगू? 'रक्त कुठे जाणार!'

मग तीच जुनी टकळी. चिमण्याच्या आईच्या बापाने शर्यतीच्या पागेत एका माणसाला भिंतीशी चेपून मारलं होतं, त्या आधीच्याने दोघांना लुळं केलं होतं, शर्यतीच्या त्या थरोब्रेड घोड्यांची सात पिढ्यांची वंशावळ त्यांना तोंडपाठ. मी म्हटलं, एवढं माहीत होतं तर त्याच घराण्याची घोडी आणून वीण घेतलीतच कशाला? तर म्हणे, 'पळायला आग लागते. थंड रक्ताचे गाडीला जुंप.' हाड मोडलेल्या माणसाशी किती भांडणार?

ते चिमण्याला गोळी घालणार आहेत. घोड्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नर आहे, वयात आलाय, खच्ची करून बघा, मवाळ होईल. बाबा ऐकायला तयार नाहीत. आणि हे काम ते दुसऱ्या कुणालाही देणार नाहीत, स्वतःच करणार. म्हणून हात झोळीतून निघेपर्यंत चिमण्याला सवड आहे, त्यापुढे नाही.

तू ये. तो तुझं ऐकतो. बाबांचा दात पाडून तू गेलास ते मी विसरले नाही, तेही विसरले नाहीत, दिवसभर जीभ त्या फटीत घालत बसतात. तरी ये.

ताई


११ मार्च

धाकट्या,

'गोळी घालू देऊ नकोस.' एवढंच? कार्डावरची बाकीची जागा काय भाड्याने दिलीस?

तू का येत नाहीस ते तुझ्या बायकोने कळवलं. तुला तुझ्याच हाताची भीती वाटते म्हणे. बाळ झालं की त्याला उचलणार नाही, असं आत्तापासून सांगतोस तिला. का, तर आजोबा मारायचे, बाबा मारतात, तू बाबांना मारलंस. शाबास! बाबा घोड्यांची वंशावळ वाचतात, तू घरची वाचत बस. ती बिचारी रडून रडून पानभर लिहिते आणि तू कार्डावर एक ओळ.

आता इथलं ऐक. झोळीतल्या हाताने गोळी झाडता येत नाही म्हटल्यावर बाबांनी डावा हात वापरायला काढला. चिमण्याला भिंतीच्या कड्याला आखूड बांधला. वरच्या ओठाला दोरीचा फास घालून बुटक्याने काठीने पिळून धरला, म्हणजे डोकं हलवायला नको. आणि बाबांनी साखळीने मारला. नाकाडावर, मानेवर, पुढच्या पायांवर. डाव्या हाताचा नेम लागेना म्हणून जास्तच मारला. मला वाटलं दोनचार तडाख्यांत दमतील. दमेनात. शेवटी मी मध्ये शिरले, तेव्हा एक तडाखा माझ्या पाठीवर बसला, तिथे अजून टेकून बसता येत नाही. बाबा म्हणाले, 'मध्ये यायचं नाही हे तुला कधी कळणार?' लहानपणी तुझ्यासाठी मध्ये यायचे तेव्हा म्हणायचे, अगदी तसंच.

चिमण्याच्या नाकावरचं कातडं लोंबत होतं. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. मान खाली घालून उभा होता, हूं की चूं नाही.

दुसऱ्या दिवशी बुटक्या त्याच्या तोंडावर दोरीची मोहरकी चढवायला आत गेला. चिमण्याने त्याचा हात तोंडात घेतला आणि डोकं झटकलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. बुटक्या ओरडलासुद्धा नाही, नुसता हाताकडे बघत बाहेर आला आणि मला म्हणाला, 'ताई, बघा हो, आत राहिली असतील.' मी गवतात शोधली. एकच सापडलं.

त्या वेळी चिमण्याचे कान मागे मानेला चिकटले होते आणि डोळ्यांत पांढरं दिसत होतं. मला भीती वाटली. मी पागेत जन्म काढला, मला कधी घोड्याची भीती वाटली नव्हती. बाबा खरं बोलत असतील तर? काही रक्तच असं असेल तर? तुला हे वाचून बरं वाटणार नाही, पण माझ्या मनात आलं, ते लिहिलं.

तरी ये.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

आता नीट वाच आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दे. एका ओळीचं कार्ड आलं तर फाडून परत पाठवीन.

आज नालबंद आला होता, तोच आपला म्हातारा, स्वतःशीच बडबडणारा. बाहेर म्हाताऱ्या घोडीचे नाल बदलायचे होते. चिमण्या त्याच्या खोलीत, दाराचा खालचा अर्धा भाग बंद, वरचा उघडा. नालबंद नेमका त्या दारासमोर उभा राहून चष्मा शोधायला लागला. छातीवरचे खिसे थापटतोय, 'गेला कुठे मेला' म्हणतोय. आणि आतून चिमण्या उभाच राहिला! पुढचे पाय दारावर आदळले, दार बिजागरीतून निखळलं, दारासकट म्हातारा खाली. कपाळ फुटलं, बरगडी गेली. बुटक्या उरलेल्या बोटांच्या हातात फावडं घेऊन धावला.

मी समोरच होते. मी चिमण्याचे कान बघितले.

तुला सांगायला नको. रागावलेला घोडा कान मागे पाडतो. बुटक्याची बोटं तोडली तेव्हा ते मागे होते. आज ते पुढे होते. ताठ पुढे, दाण्याची बादली दिसल्यावर असतात तसे. आणि मग मला बाबांच्या अंगावर आला ती सकाळ आठवली. तेव्हाही पुढेच होते. मी बघितले होते, पण हाडाच्या आवाजात माझ्या डोक्यातून निघून गेलं.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी त्याला रिंगणात सोडला. मी कुंपणाच्या बाहेर उभी राहिले. बाबा खोकत होते, नालबंद चष्मा शोधत होता, दोघांत सारखं काय? विचार करकरून डोकं पिकलं होतं. मग मी दोन्ही तळहात छातीवर मारले. दोनदा.

तो रिंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. वळला. दुडक्या चालीने आला, उभा राहिला, पुढचे पाय कुंपणाच्या वरच्या फळीवर टाकले आणि हनुवटी माझ्या डोक्यावर ठेवली. एक खूर घसरून माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला, मला नंतर कळलं. टाके घातलेलं ते नाक माझ्या केसांत फिरवत होता. धाकट्या, मी तिथे उभी राहून हमसून हमसून रडले.

काय शिकवलंस त्याला? कधी? आणि पहिल्या पत्रात मी खोकल्याचं लिहिलं होतं, छाती बडवल्याचं लिहिलं होतं, तेव्हा तुझ्या लक्षात आलं नाही? की आलं, आणि तू गप्प बसलास?

ताई


२७ मार्च

धाकट्या,

पानभर पत्र! दोन वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं, अजून तसंच, कोंबडीचे पाय.

म्हणजे गवताच्या कोठारामागे. बाबांना दिसू नये म्हणून. दोन थापा, की पिल्लू उभं राहून खांद्यावर पाय टाकणार, आणि तू मिठी मारणार. तेव्हा तो कुत्र्याच्या वजनाचा होता. मोठा झाल्यावर तो हे विसरेल, असं तुला वाटलं! अरे गाढवा, घोडा विसरतो का कधी?

लक्षात आलं होतं आणि लाजेने गप्प बसलास, हेही लिहिलंस. बुटक्याची दोन बोटं त्या लाजेत गेली. हे मी तुला एकदाच बोलणार आहे, परत काढणार नाही.

आणि एक सांगते, राग आला तर येऊ दे. चिमण्याची आई मेली तेव्हा बाबा म्हणाले होते, पोरक्या शिंगराला दाई घोडी आणू. तू रडून घर डोक्यावर घेतलंस, मीच वाढवणार म्हणून. बाबा तेव्हा बरोबर होते. त्या दाईने पहिल्या आठवड्यातच त्याला एक लाथ घातली असती, चावली असती, अंगावर चढायचं नाही हे शिकवलं असतं. तुझ्याकडे त्याला नुसते लाड मिळाले. माणूस आणि घोडा वेगळे हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मग कुरणातून आला तर इथे साखळी. मधलं काही त्याच्या वाट्याला आलंच नाही.

पण हे रक्त नाही, हे मला कळलं ना! शिकवलेलं आहे. शिकवलेलं मोडता येतं. मी पुढच्या आठवड्यात बाबांना सांगणार आहे. झोळी सुटली, हात हलवायला लागलेत, बंदुकीला तेल घातलंय. आता थांबून चालणार नाही. बाबा हट्टी आहेत, पण घोड्यातलं त्यांना कळतं, हे तूही नाकारणार नाहीस. एकदा डोळ्यांनी बघितलं की पटेल. खच्ची करू, मी स्वतः शिकवीन, छातीवर हात मारला की मागे सरायचं. वर्ष लागेल. लागू दे.

आज मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. चिमण्याला तुझं नाव घेऊन एक गाजर दिलं.

ताई


४ एप्रिल

धाकट्या,

आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत आशेने वाचायला नको. चिमण्या गेला.

सकाळी चहा घेताना मी बाबांना सगळं सांगितलं. कोठारामागचं, दोन थापांचं, कानांचं. मला वाटलं उसळतील. उसळले नाहीत. बशीत चहा ओतून शांतपणे ऐकत होते. मध्ये एकदाच विचारलं, 'दोनच थापा? तोंडाने काही म्हणायचं नाही?' मी म्हटलं, नाही, दोन थापा पुरतात. म्हणाले, 'दाखव.'

चिमण्या रिंगणात मोकळा होता. साखळीच्या दिवसापासून बाबा दिसले की तो पार टोकाला जायचा आणि आमच्याकडे ढुंगण करून उभा राहायचा. लांबून दगड मारले, दोर टाकले, तरी बाबांच्या जवळ यायचा नाही. मी थापा मारल्या. आला. पाय फळीवर टाकले, हनुवटी माझ्या डोक्यावर. मी मान वळवून बाबांकडे बघितलं, परीक्षेत पहिली आल्यासारखी. बाबांनी मान डोलावली. 'हुशार आहे,' म्हणाले. आणि घरात गेले.

मला वाटलं गाजर आणायला गेले.

शपथेवर सांगते, मला तसंच वाटलं. मी बुटक्याला म्हटलं, 'वाचला रे.' तोसुद्धा हसला, ज्याची बोटं गेली तो.

बाबा आले तेव्हा एक हात मागे होता. म्हणाले, 'जा, डॉक्टरीणबाईंना फोन कर. म्हणावं खच्ची करायला या.' मी वळले. घराच्या दाराशी पोचतेय तोच मागून आवाज आला. थप. थप.

मी बघितलं. चिमण्या टोकाला होता. त्याने बाबांना बघितलं, एक पाऊल टाकलं, थांबला. तेव्हा मी ओरडायला हवं होतं. मग त्याने कान पुढे केले आणि आला. ज्याने तोंड फोडलं, त्याच्याकडे आला. उभा राहिला. पाय फळीवर टाकायच्या आत बाबांनी बंदूक पुढे काढली, नळी त्याच्या छातीला लागली आणि दोन्ही बार काढले.

लगेच मेला नाही. फळ्या मोडून बाहेर पडला, बाबांच्या पायाशी. उठायला बघत होता, पुढचे पाय जमिनीवर आपटत होते. बुटक्या त्याच्या डोक्याशी बसला आणि पट्टी बांधलेला हात त्याच्या डोळ्यावर ठेवला. बाबा खिशातली काडतुसं चाचपत म्हणाले, 'नाहीतर जवळ आलाच नसता.'

कुंपणाला लांब चाबूक अडकवलेला असतो, तुला माहीत आहे. तो माझ्या हातात कधी आला मला सांगता येणार नाही. पहिला त्यांच्या तोंडावर बसला. मग खांद्यावर, मोडलेल्या हाडावर, नेमका तिथेच, मुद्दाम. ते खाली बसले तरी मी थांबले नाही. त्यांचा कान फाटला. मी जे शब्द वापरत होते ते त्यांचेच होते, आपण लहानपणी ऐकलेले, सगळे पाठ होते मला. आणि बरं वाटत होतं. हे मी फक्त तुला सांगतेय. हात दुखेपर्यंत मला बरं वाटत होतं.

बुटक्याने मागून मला मिठीत धरलं तेव्हा थांबले.

बाबांच्या तोंडात रक्त होतं. थुंकले, त्यात अजून एक दात होता. आणि माझ्याकडे बघून हसले. रागाने नाही रे, मनापासून. नवा घोडा पहिल्यांदा दोरीवर नीट फिरला की हसतात, तसे. म्हणाले, 'हां. आता शोभतेस माझी.'

चिमण्या तोवर शांत झाला होता. कान बघितले. पडलेले होते, कुठल्याच बाजूला नव्हते.

ताई


६ एप्रिल

धाकट्या,

बाबांचा खांदा पुन्हा बांधला, कानाला टाके पडले. डॉक्टरीणबाईंनीच घातले, माणसांचा डॉक्टर बाबांना नको होता. काल मी पेज घेऊन गेले तर माझा हात धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाले, 'मनगट चांगलं आहे. पागा तुझ्या नावावर करतो.' एवढी वर्षं मी त्यांच्या तोंडून कौतुकाच्या एका शब्दासाठी मरत होते. मी वाटी ठेवली आणि सामान बांधायला घेतलं.

तू येऊ नकोस. मी येतेय. बुधवारच्या गाडीने.

पागेत एक नवं शिंगरू आहे, चिमण्याच्याच घराण्यातलं, आठवड्याचं. त्याची आई तापाने गेली. निघायच्या आधी मी त्याच्यासाठी शेजारच्या मळ्यातून एक जाडजूड, थंड स्वभावाची घोडी आणली. पिल्लू तिच्या अंगावर उड्या मारायला गेलं तशी तिने त्याला एक लाथ घातली, मोजून मापून, लागेल पण मोडणार नाही अशी. ते जरा वेळ लांब उभं राहिलं, मग येऊन दूध प्यायला लागलं. मी आणि बुटक्या तासभर नुसते बघत बसलो. त्याला बजावलंय, पिल्लू कितीही मागे आलं तरी लाड करायचे नाहीत. आणि बाबांना त्याच्याजवळ फिरकू द्यायचं नाही. 'जमेल का?' म्हटलं. म्हणाला, 'आठ बोटांत जमेल तेवढं जमवतो.'

रक्त की शिकवण, ते मला विचारू नकोस. चाबूक हातात होता तेव्हा मला दोन्हीतला फरक कळला नाही. पण बाळाला तू उचल. घाबरत घाबरत उचल. ज्याला भीती वाटते तो जपून धरतो. माझ्याकडे द्यायचं की नाही ते तुझ्या बायकोला ठरवू दे, सगळं सांगून ठरवू दे. नाही म्हणाली तर मला वाईट वाटेल, पण ती चुकली असं मी म्हणणार नाही.

एकच मागणं आहे. स्टेशनवर मला बघून हात पसरून पुढे येऊ नकोस. मला सहन होणार नाही. मार खाल्लेल्या घोड्याला जवळ कसं आणतात, ते तूच मला दाखवलं होतंस, आठवतंय? त्याच्याकडे बघायचं नाही, पाठ फिरवायची आणि आपल्या वाटेने चालू लागायचं. तसं कर. माझी पिशवी घे आणि घराकडे चालायला लाग. मी मागून येते. थोडं चाललं की मीच जवळ येईन.

ताई